निकाल लागला, भरपाईचे काय?

प्रति,
सर्व प्रतिनिधी, सदस्य राष्ट्रांची सभा,
आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, हेग

विषय : युद्धकाळातील लैंगिक अत्याचारांच्या पीडितांची रखडलेली भरपाई

महोदय / महोदया,

तुमच्या न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी दिलेल्या एका आदेशातल्या आकड्यांपासून सुरुवात करते. उत्तर युगांडात धुमाकूळ घातलेल्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचा कमांडर डॉमिनिक ऑन्गवेन याच्या गुन्ह्यांच्या पीडितांना सुमारे ५ कोटी २४ लाख युरो भरपाई द्यावी, असा तो आदेश. पीडितांची अंदाजे संख्या ४९,७७२. प्रत्येकी ७५० युरो धरले की ३ कोटी ७३ लाख होतात. दीड कोटी सामूहिक पुनर्वसनाला आणि एक लाख गावोगावच्या प्रतीकात्मक उपक्रमांना. हिशेब अगदी चोख आहे. अडचण एवढीच की ऑन्गवेनकडे यातला एक युरोही नाही. तो निर्धन आहे हे न्यायालयाने मान्य केले आणि पीडितांच्या विश्वस्त निधीला पैसे उभे करायला सांगितले. निधीकडेही तेवढी रक्कम नव्हती. निधीत पैसे घालायचे कोणी, तर मुख्यतः तुम्ही. आणि घालायचे की नाही, किती घालायचे, हे तुमच्या मर्जीवर.

या स्त्रियांचे काय झाले होते ते मी तुम्हाला सांगायला नको, ते तुमच्याच निकालपत्रात आहे. कोवळ्या वयात पळवलेल्या मुली कमांडरांना ‘बायका’ म्हणून वाटून दिल्या गेल्या. लादलेली गर्भधारणा हा गुन्हा सिद्ध ठरवणारा या न्यायालयाचा हा पहिलाच निकाल. गुन्हे २००२ ते २००५ मधले, निकाल ४ फेब्रुवारी २०२१ चा, भरपाईचा आदेश त्यानंतर तीन वर्षांनी, आणि त्यावरचे अपील निकालात निघाले २०२५ च्या एप्रिलमध्ये. तेव्हा चौदा वर्षांची असलेली मुलगी आता पस्तिशीच्या पुढे गेली. ७५० युरो तिला देणे लागतात, एवढे ठरायलाच वीस वर्षे लागली.

मी भारतात राहते आणि भारत तुमच्या सभेचा सदस्य नाही. १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये १२० देशांनी या न्यायालयाची स्थापना करणाऱ्या कराराच्या बाजूने मत दिले, सात विरोधात गेले, २१ तटस्थ राहिले. त्या तटस्थांत आम्ही होतो. सशस्त्र दलातल्या माणसावर लैंगिक अत्याचाराचा आरोप असेल तर खटल्यासाठी सरकारच्या मंजुरीची अट नको, असे न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ मध्ये आमच्या सरकारला सांगितले होते. लष्कराला विशेषाधिकार देणाऱ्या अफस्पा कायद्यातली ती अट अजून जागची हललेली नाही. तेव्हा तुम्हाला उपदेश करण्याइतकी माझी बाजू भक्कम नाही. पण ज्याने सहीच केली नाही त्याला कराराची आठवण काय करून देणार? ती सही करणाऱ्यालाच करून देता येते.

कायदा अपुरा आहे म्हणून गाडे अडले आहे, असे म्हणायला आता जागा उरलेली नाही. अमेरिकी यादवीच्या काळात, १८६३ मध्ये निघालेल्या लीबर संहितेने बलात्कारी सैनिकाला मृत्युदंड सांगितला होता. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे २७ वे कलम स्त्रियांना बलात्कारापासून संरक्षण देते. मात्र ते ‘अब्रूवरचा हल्ला’ म्हणून, आणि ज्या गंभीर गुन्ह्यांसाठी खटला भरणे देशांवर बंधनकारक आहे त्यांच्या यादीत बलात्काराचे नाव नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटले चालवणाऱ्या न्यूरेम्बर्गच्या सनदेतही ते नव्हते. रोम करारात बलात्कार, लैंगिक गुलामगिरी, सक्तीचा वेश्याव्यवसाय, लादलेली गर्भधारणा, सक्तीची नसबंदी ही सगळी नावे स्वच्छ लिहिली गेली, ७५ व्या कलमात भरपाई आली, ७९ व्या कलमात विश्वस्त निधी आला. सुरक्षा परिषदेने २००८ पासून ठरावांची रांग लावली : १८२०, १८८८, १९६०, २१०६, २४६७. यातला शेवटचा एप्रिल २०१९ चा. ‘पीडितकेंद्री’ दृष्टिकोनाचा गौरव करणाऱ्या या ठरावातून लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा उल्लेख अमेरिकेच्या नकाराधिकाराच्या धाकाने गाळावा लागला. असो.

मग घोडे पेंड कुठे खाते? पहिल्यांदा आरोपपत्रात. जे आरोपपत्रात नाही त्याचा निकाल नाही, आणि ज्याचा निकाल नाही त्याची भरपाई नाही.

रुवांडाच्या ‘ताबा’ नावाच्या परगण्याचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावर १९९७ च्या जानेवारीत टांझानियातल्या अरुशा इथे, रुवांडातल्या वंशसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे, खटला सुरू झाला, तेव्हा त्याच्या आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा एकही आरोप नव्हता. साक्ष देताना एक बाई सांगून गेली की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. तपास अधिकाऱ्यांनी तिला याबद्दल विचारलेच नव्हते. तीन न्यायाधीशांच्या पीठावर एकच स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेच्या नवी पिल्ले. प्रश्न विचारले गेले, आणखी एका स्त्रीने तोंड उघडले, खटला तहकूब झाला आणि जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात, बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा लिहिले. आज प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवला जाणारा हा निकाल एका साक्षीदाराच्या बोलण्याच्या ओघातून आणि पीठावरच्या जागरूकतेतून जन्मला. तपासाच्या शिस्तीतून नाही.

सेनेगलमधल्या डाकारला भरलेल्या विशेष न्यायालयात याच्या नेमके उलट घडले. चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे याला ३० मे २०१६ रोजी जन्मठेप झाली. त्याने स्वतः आपल्यावर बलात्कार केला, हे एका स्त्रीने त्याच्यासमोर भर न्यायालयात सांगितले होते आणि पीठाने तिचे म्हणणे मान्य केले होते. एप्रिल २०१७ मध्ये अपिलात तेवढी दोषसिद्धी रद्द झाली. ती खोटे बोलली असे कुणीही म्हटले नाही. तिचे सांगणे मूळ आरोपांत नव्हते, उशिरा आले, एवढेच कारण. हाब्रेची जन्मठेप कायम राहिली. पण तिने जे सांगितले त्याची शिक्षा त्यात उरली नाही.

तुमच्या स्वतःच्या न्यायालयाने पहिलाच खटला असा अर्धा चालवला. काँगोचा बंडखोर म्होरक्या थॉमस लुबांगा याच्यावर फक्त बालसैनिकांच्या भरतीचा आरोप ठेवला गेला. त्या भरतीत पकडून नेलेल्या मुलींचे काय होत होते हे साक्षीदार एकामागून एक सांगत राहिले. पीडितांच्या वकिलांनी लैंगिक गुलामगिरीचा विचार व्हावा अशी मागणी केली आणि अपील पीठाने ती नाकारली. २०१२ च्या निकालात त्या मुली बालसैनिक म्हणून आहेत, बलात्कार सोसलेल्या म्हणून नाहीत.

नंतर काँगोचाच बंडखोर सेनानी बोस्को न्तागांडा याच्या प्रकरणात हे बरेचसे सुधारले, हे मोकळेपणाने सांगायला हवे. आपल्याच टोळीतल्या मुलींवर केलेले बलात्कार हाही युद्धगुन्हा ठरला, ३० वर्षांची शिक्षा झाली, ३० मार्च २०२१ रोजी ती अपिलातही टिकली. लैंगिक अत्याचारांची ही या न्यायालयातली पहिली टिकलेली दोषसिद्धी. न्यायालय सुरू होऊन तेव्हा जवळजवळ एकोणीस वर्षे झाली होती. बलात्कारातून जन्मलेल्या मुलांनाही थेट पीडित मानावे, हे त्याच प्रकरणातल्या भरपाईच्या आदेशात आले. ३ कोटी डॉलरचा आदेश होता तो, आणि न्तागांडाही निर्धन.

आता बेम्बा. हे प्रकरण तुमच्यापैकी अनेकांना नकोसे वाटते, म्हणूनच त्यावर जरा थांबते.

काँगोचा बंडखोर नेता ज्याँ-पिएर बेम्बा याच्या माणसांनी २००२–०३ मध्ये शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात घराघरांत शिरून बलात्कार केले. बायकांवर केले, मुलींवर केले, पुरुषांवरही केले. खटल्यात ५,२२९ पीडित सहभागी झाले. २१ मार्च २०१६ रोजी सेनापती या नात्याने त्याला दोषी धरून पुढे १८ वर्षांची शिक्षा झाली. ८ जून २०१८ रोजी अपील पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्याला निर्दोष सोडले. दूर बसलेल्या सेनापतीने आपल्या माणसांना आवरण्यासाठी जे केले ते पुरेसे होते का, यावर न्यायाधीशांत मतभेद झाले. कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न रास्त असेल. मी त्यात शिरत नाही. पण ते बलात्कार झालेच नाहीत, असे कुठल्याही न्यायाधीशाने लिहिलेले नाही. झाले काय, तर त्या दिवशी पाच हजारांहून अधिक माणसांचा भरपाईचा हक्क एका माणसाच्या सुटकेबरोबर संपला. पीठाने सांगितले, आता भरपाईचा आदेश देता येत नाही. विश्वस्त निधीने आपल्या अखत्यारीत मदतीचा कार्यक्रम जाहीर केला, हे त्याचे भले. पण भरपाई मागून घेता येते, मदत मिळेल तेव्हा घ्यायची असते. आणि बेम्बा? आपली गोठवलेली मालमत्ता नीट सांभाळली नाही म्हणून त्याने न्यायालयाकडेच ६ कोटी ८० लाखांहून अधिक युरो मागितले. ते फेटाळले गेले, पण मागायला त्याच्याकडे वकील होते.

माझे म्हणणे एवढेच आहे : पीडितांचा हक्क गुन्हेगाराच्या खिशाला आणि त्याच्या खटल्याच्या शेवटाला बांधून ठेवू नका. शिक्षा ज्याची त्याला व्हावी, पुराव्याच्या कठोर कसोटीवर व्हावी, आरोपीला शंकेचा फायदा मिळावा. ती कसोटी शिक्षेसाठी आहे. भरपाईसाठी तुमचेच न्यायालय शक्याशक्यतेची सौम्य कसोटी लावते. मग दोन्ही एकाच खुंटीला का?

देशोदेशीच्या न्यायालयांत हीच गाठ दिसते. बोस्नियातल्या एका स्त्रीवर १९९३ मध्ये बलात्कार झाला. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने एका माजी सैनिकाला आठ वर्षांची शिक्षा दिली आणि तिला ३०,००० मार्क, म्हणजे साधारण १५,३०० युरो, द्यायला सांगितले. फौजदारी खटल्यातच भरपाई मिळण्याचा तिथला हा नवा पायंडा म्हणून कौतुक झाले. गुन्हेगाराकडे मालमत्ताच नव्हती. सरकारने द्यावे म्हणावे, तर दाव्याची मुदत उलटून गेलेली. शेवटी २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने निर्णय दिला की गुन्हेगार देऊ शकत नसेल तर देशाने द्यावे. उपचार द्यावेत, जाहीर माफीही मागावी. माझ्या या पत्रातली मागणी त्या निर्णयापेक्षा एका अक्षराने जास्त नाही.

ग्वातेमालाच्या सेपुर सार्को इथल्या केक्ची या मूलनिवासी जमातीतल्या स्त्रियांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. त्यांच्या नवऱ्यांनी जमिनीचे कागद मिळावेत म्हणून खटपट केली, १९८२ मध्ये लष्कराने नवरे उचलून नेले आणि बायकांना तळावर पाळीपाळीने रांधायला, धुणी धुवायला आणि बलात्कार सोसायला बोलावले. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी दोघांना १२० आणि २४० वर्षांच्या शिक्षा झाल्या. आपल्याच देशातल्या न्यायालयाने युद्धकाळातल्या लैंगिक गुलामगिरीचा गुन्हा चालवण्याची ती पहिली वेळ मानली जाते. तोंडावर शाल ओढून बसलेल्या त्या वृद्ध स्त्रियांचा फोटो जगभर फिरला. त्यांनी मागितले काय ते कमी लोकांनी वाचले असेल : दवाखाना, मुलांना शाळा, जमिनीची मालकी. स्वतःपुरते नाही, सगळ्या वस्तीसाठी. न्यायालयाने ते दिलेही, आदेशात. जमिनीचा आदेश सर्वांत जास्त रेंगाळला, म्हणजे ज्या मागणीपायी नवरे गेले तीच.

पैशाने काय होते, असे विचारणारे तुमच्यात असतील. त्यांना मी दक्षिण कोरियाकडे पाहायला सांगेन, पण ते शोधतात त्या उत्तरासाठी नाही. किम हाक-सुन यांनी १४ ऑगस्ट १९९१ रोजी चेहरा न लपवता सांगितले की जपानी लष्कराने आपल्याला लैंगिक गुलाम केले होते. त्यानंतर जपानने १९९५ मध्ये आशियाई महिला निधी काढला. त्यातले प्रायश्चित्ताचे पैसे नागरिकांच्या देणग्यांतून उभे केले होते. अनेकींनी ते नाकारले. गुन्हा राज्याने केला आणि पैसे लोकांच्या दानपेटीतून, हे त्यांना मान्य नव्हते. २०१५ मध्ये दोन सरकारांनी आपसांत १०० कोटी येनचा समझोता केला, ‘अंतिम आणि अपरिवर्तनीय’ असा; ज्यांच्यासाठी केला त्यांना विचारले नव्हते. तेही पैसे काहींनी नाकारले. जानेवारी २०२१ मध्ये सोलच्या न्यायालयाने बारा जणींना प्रत्येकी १० कोटी वॉन द्यायचा आदेश जपानला दिला, नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका दाव्यात २० कोटींचा. सार्वभौम देशावर परक्या न्यायालयात दावा चालत नाही, असे म्हणत जपानने दोन्ही निकाल अमान्य केले. कोरियात नोंद झालेल्या २४० स्त्रियांपैकी आता हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच उरल्या आहेत.

या म्हाताऱ्या बायकांनी पैसा क्षुल्लक आहे असे कधी म्हटले नाही. तो कोण देतो आणि काय कबूल करून देतो, यावर त्या अडून बसल्या. तुमचा विश्वस्त निधीही देणग्यांवर चालतो. तुलना तंतोतंत नाही, कारण ऑन्गवेनचे गुन्हे तुम्ही केलेले नाहीत. पण हक्काचा आदेश न्यायालयाने द्यायचा आणि पैसे ऐच्छिक दानातून यायचे, या रचनेत मला त्या निधीचीच आठवण येते.

आमच्या शेजारची उदाहरणेही सांगते, कारण हेगपर्यंत ती क्वचित पोहोचतात. १९७१ मध्ये बांगलादेशात अत्याचार झालेल्या स्त्रियांचा आकडा तिथले सरकार दोन लाख सांगते. नव्या देशाने त्यांना ‘बीरांगना’ म्हणून गौरवले, १९७३ मध्ये बलात्काराला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणणारा कायदाही केला. ज्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवायचे ठरले होते, ते एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तीन देशांनी केलेल्या करारानंतर मायदेशी परतले. आम्ही त्या तिघांतले एक. त्या स्त्रियांची स्वातंत्र्यसैनिक म्हणून नोंद आणि भत्ता सुरू व्हायला २०१५ उजाडले. तोवर किती जणी माहेर-सासर दोन्हीकडून तुटून, नाव बदलून जगल्या. नेपाळात १९९६ ते २००६ चा संघर्ष संपला तेव्हा बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत करायची, असा कायदा होता. युद्ध दहा वर्षांचे आणि मुदत ३५ दिवसांची! वर, संघर्षपीडितांना दिलेल्या अंतरिम मदतीतून बलात्कार आणि छळ सोसलेल्यांना वगळलेले.

हे सगळे अशक्य आहे म्हणून होत नाही, असे नाही. क्रोएशियाने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा केला : आरोपीला शिक्षा झाली का, तो सापडला का, हे न विचारता पीडितांना एकरकमी एक लाख कुना, गंभीर परिणाम असतील तर दीड लाख, शिवाय दरमहा भत्ता आणि उपचार. कोसोव्होने फेब्रुवारी २०१८ पासून अर्ज घ्यायला सुरुवात केली आणि दरमहा २३० युरो ठरवले. तिथे अत्याचार झालेल्यांचा अंदाज वीस हजारांचा आहे आणि अर्ज त्याच्या मानाने फारच थोडे आले, कारण घरात कळेल ही भीती. दर महिन्याला येणारा पैसा नवऱ्यापासून, दिरापासून लपवायचा कसा, हा तिथल्या बायकांपुढचा खरा प्रश्न. योजना आखणाऱ्यांच्या तो सहसा लक्षात येत नाही. बोस्नियाच्या महासंघाने २००६ मध्येच बलात्कारपीडितांना युद्धाचे नागरी बळी म्हणून मान्यता दिली होती.

इराकने १ मार्च २०२१ रोजी यझिदी आणि इतर अल्पसंख्याक स्त्रियांसाठी कायदा केला. मासिक वेतन, घरासाठी जमीन, नोकऱ्यांत राखीव वाटा. कागदावर तो या सर्वांहून उदार. पण अंमलबजावणीत समितीने अर्जासोबत फौजदारी तक्रारीचे कागद मागायला सुरुवात केली. इस्लामिक स्टेटने सिंजारहून २०१४ मध्ये पळवलेल्या, अनेकदा विकल्या गेलेल्या, त्यानंतर कितीतरी पथकांपुढे सगळे सांगून झालेल्या बाईने पुन्हा पोलीस ठाण्यात जाऊन तेच सांगायचे. पुरावे गोळा करणाऱ्यांनी कसे वागावे याची, यझिदी पीडित नादिया मुराद यांच्या नावाची ‘मुराद संहिता’ २०२२ मध्ये निघाली ती अशाच अनुभवांतून. शिवाय त्या कायद्यात बलात्कारातून जन्मलेल्या मुलांना जागा नाही, पुरुषांचा तर विचारच जेमतेम आहे. पुरुष पीडितांबद्दल तुम्हीही फारसे बोलत नाही, म्हणून एवढी नोंद करते की युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने त्यांच्यावरचे लैंगिक अत्याचार १९९७ मध्येच निकालात आणले होते.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी तुमच्या न्यायालयाने सुदानच्या दारफुर प्रांतातल्या जांजाविद टोळ्यांचा म्होरक्या अली कुशायब याला २००३–०४ मधल्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले. त्यांत बलात्कारही आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस दारफुरचे अल-फाशिर शहर पडले, ते त्याच जांजाविदमधून निघालेल्या फौजेच्या हाती, आणि तिथून पळून आलेल्या स्त्रिया पुन्हा तेच सांगू लागल्या. २०२४ या एका वर्षात संयुक्त राष्ट्रांनी जगभरात पडताळलेल्या, युद्धकाळातल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांचा आकडा ४,६०० च्या वर आहे, आदल्या वर्षापेक्षा चौथाईने जास्त. हे फक्त पडताळता आलेले. म्हणजे तुमच्याकडे येणारे आदेश कमी होणार नाहीत.

म्हणून मागण्या. त्या मोठ्या नाहीत.

सप्टेंबर २००२ मध्ये तुमच्या पहिल्याच अधिवेशनात तुम्ही विश्वस्त निधी स्थापणारा सहावा ठराव केला. निधीत कुठकुठले पैसे येतील याची यादी त्यात आहे आणि सभेने ठरवलेल्या रकमांपुढे एक अपवाद जोडलेला आहे : सदस्य देशांची नेमून दिलेली वर्गणी वगळून. तो अपवाद काढा. न्यायालयाचा एका वर्षाचा खर्च १८ कोटी युरोंच्या वर आहे आणि तो तुम्ही वर्गणीतून भरता. न्यायाधीशांचे पगार, दुभाषे, कोठड्या, सगळे. आरोपीच्या वकिलाचा खर्चही, तो निर्धन असेल तर, त्यातूनच होतो, आणि तसे व्हायलाच हवे. फक्त पीडित बाईचे पैसे तेवढे देणगीवर. ऑन्गवेन प्रकरणाची पूर्ण रक्कम सव्वाशे देशांत वाटली तर सरासरी सव्वाचार लाख युरोंच्या आत येते. श्रीमंत देशांनी जास्त, गरिबांनी नाममात्र. वर्गणीचे कोष्टक तुमच्याकडे आहेच.

दुसरे, गुन्हा घडल्याचे न्यायालयाला पटले आणि आरोपी मात्र सुटला, अशा वेळी पीडितांचे काय, हे नियमांत लिहा. बेम्बानंतर इतकी वर्षे झाली. माली प्रकरणात, जून २०२४ मध्ये, अल हसन इतर गुन्ह्यांत दोषी ठरला पण लैंगिक अत्याचारांच्या आरोपांतून सुटला, तेव्हा टिम्बक्टूच्या स्त्रियांपुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

तिसरे काम तुम्ही हेगबाहेर करायचे आहे. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दलच्या स्वतंत्र कराराच्या वाटाघाटी २०२८ आणि २०२९ मध्ये व्हायच्या आहेत. मसुद्याच्या १२ व्या कलमात पीडितांच्या भरपाईचा उल्लेख आहे. गुन्हेगार सापडला नाही, मेला, सुटला किंवा कफल्लक निघाला तरी ही जबाबदारी देशाची, हे त्या कलमात स्पष्ट शब्दांत यावे. तिथे बहुधा माझा देशही बसलेला असेल. त्याला हेच पत्र वेगळे पाठवते आहे.

आणि विश्वस्त निधीच्या वार्षिक अहवालात एक कोष्टक वाढवा. प्रत्येक आदेशापुढे तीन रकाने : किती जणांच्या हाती प्रत्यक्ष पैसे पडले, किती जण अजून थांबले आहेत आणि किती जण थांबता थांबता वारले. त्याच पानावर कोणत्या देशाने त्या वर्षी किती रक्कम दिली तेही छापा, शून्य असेल तर शून्य.

उत्तराच्या अपेक्षेत,

आपली,
एक भारतीय नागरिक